पेराएवढं पांढरं

मिस्त्रींच्या बायकोने रेझर पाण्यात बुडवला, नवऱ्याची मान पुढे वाकवली आणि कपाळापासून टाळूपर्यंत पहिला पट्टा ओढला. साबणाचा फेस आणि पिकलेले केस मांडीवरच्या टॉवेलवर पडले.

"हलू नका," ती म्हणाली. "इतकी वर्षं तुमची बिनपाण्याने करत आले. आज पाणी लावून करतेय, तर गपगुमान बसा."

मिस्त्री हसले. हे काम खरं तर वॉर्डबॉयचं. तो रिकाम्या हाताने दारात उभा होता आणि दर पट्ट्याला मान डोलावत होता. मागे, ऑपरेशनच्या आधी, त्याच्या हातून मिस्त्रींच्या कानामागे कापलं होतं आणि ते तिच्या अजून लक्षात होतं. आज तिने त्याच्या हातातलं सामान काढूनच घेतलं होतं. या डोक्याला आता माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असं तिने जाहीर केलं होतं. सर्जनचा अपवाद नाइलाजाने केला होता.

पलंगाच्या पायथ्याशी आणखी एक बाई उभी होती. तिच्या अंगावरचा डॉक्टरी कोट उसना होता आणि खांद्यावर सैल पडत होता. ती एकटक मिस्त्रींच्या डोक्याकडे बघत होती.

"कानाच्या वर एक बारीक झुपका राहिलाय," ती म्हणाली. "तोही काढा ताई. केसांत हवा अडकते, आणि हवा आली की आवाज पुढे जात नाही."

या बाई म्हणजे संशोधक. प्रयोगशाळेतली पोरं त्यांना पूर्वी पाठीमागे बुडबुडेबाई म्हणत, हल्ली तोंडावरच म्हणत. कारण अठरा वर्षं त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार चिकट स्वभावाच्या असतात. साखर आत घेतात, प्राणवायू घेतात, पण औषध म्हटलं की दार बंद. प्रयोगशाळेत बशीत ठेवलेल्या कर्करोगाच्या गाठीच्या पेशींचा जे औषध हां हां म्हणता फडशा पाडतं, ते मेंदूच्या उंबऱ्यावरून परत फिरतं. बुडबुडेबाईंनी यावर काढलेली वाट अशी, की रक्तात डोळ्यांना न दिसणारे बारीक बुडबुडे सोडायचे आणि डोक्याबाहेरून नेमक्या जागी ध्वनिलहरी मारायच्या. बुडबुडे जागच्या जागी थरथरतात, भिंत जराशी किलकिली होते, आणि तेवढ्यात औषध आत घुसतं. उंदरांत घुसलं होतं. सशांत घुसलं होतं. माणसाची आज पहिलीच वेळ होती.

बुडबुडेबाईंच्या आईला एवढं सगळं कळत नसे. दर रविवारी फोनवर ती एकच विचारी, "पोचलं का गं तुझं औषध?"

"नाही अजून."

"अगं, मग कुरिअरवाला बदल."

वॉर्डच्या कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ ठिबकत होता. रेझर चालू असतानाच मिस्त्रींची नजर तिकडे गेली आणि तिथेच राहिली. प्लंबर माणूस तो. दुसऱ्याच्या घरी लग्नाला गेला तरी आधी मोरीत डोकावणारा.

"ए," ते बायकोला म्हणाले. "ते दे."

"काय देऊ?"

"ते. पिशवीतलं. ते... फिरवायचं. आवळायचं. ते गं." त्यांची मूठ हवेत गोल फिरली.

पिशवीत पान्हा होता. घरातून निघताना मिस्त्रींनी स्वतःच तो टॉवेलांखाली सरकवला होता, आणि तिने पाहिलं होतं. पण मेंदूतली गाठ डावीकडे, बोलण्याच्या जागेला लागून होती, आणि गेल्या काही महिन्यांत वस्तूंची नावं एकेक करून त्यांच्या हातून सुटत चालली होती. आधी परक्या वस्तूंची गेली, मग घरातल्यांची, आणि शेवटी ज्यांवर आयुष्य काढलं त्या अवजारांची. वाचा शिकवणाऱ्या मॅडमनी बायकोला बजावलं होतं की शब्द तोंडात घालू नका आणि वस्तूही लगेच हातात देऊ नका, त्यांना शोधू द्या. ती ओठ दाताखाली धरून थांबली. रेझरवरून पाणी ओघळून तिच्या मनगटापर्यंत आलं.

मिस्त्रींनी बराच वेळ शोधलं. मग हात खाली टाकला.

"जाऊ दे," ते म्हणाले.

तिला सगळ्यात जास्त राग यायचा तो या दोन शब्दांचा. आयुष्यात कधी कुठलंही काम जाऊ न दिलेला माणूस दिवसातून दहा वेळा जाऊ दे म्हणायला लागला होता.

बुडबुडेबाईंनी मान वळवली आणि खिडकीबाहेर बघितलं. प्रयोगशाळेतले उंदीर असं काही बोलत नसत. तिथे सगळं सोपं होतं, हे त्यांना या खोलीत आल्यापासून कळत होतं. समितीने कशीबशी एका रुग्णापुरती परवानगी दिली होती. भिंत उघडली नाही, किंवा उघडली आणि परत मिटली नाही, तर अठरा वर्षांचं काम गुंडाळावं लागणार होतं. पण ते काम गेलं असतं तरी बुडबुडेबाई संध्याकाळी घरी जाऊन जेवल्या असत्या. मिस्त्रींचं तसं नव्हतं. ऑपरेशन झालं होतं, किरणं देऊन झाली होती, गाठीची मुळं तरीही आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या भागात पसरत होती आणि सर्जनच्या हातात दुसरं काही उरलेलं नव्हतं.

"आयुष्यभर गळायचं थांबवलं," मिस्त्री आरशात आपला तुळतुळीत गोटा बघत म्हणाले, "आणि आता तुम्ही माझ्याच डोक्यात गळायला लावणार."

"थोडंसंच," बुडबुडेबाई म्हणाल्या. "आणि एक दिवसच."

"सगळे असंच म्हणतात."

*

यंत्राच्या खोलीत थंडी होती. मिस्त्रींचं डोकं एका मोठ्या, उलट्या टोपासारख्या शिरस्त्राणात बसवलं. डोकं आणि टोप यांच्यामध्ये गार पाणी खेळवायचं होतं, आणि ते बाहेर येऊ नये म्हणून कपाळाभोवती रबराचा रुंद पट्टा आवळलेला होता.

"ते गोल... रबराचं... ते नीट बसलंय ना?" मिस्त्रींनी विचारलं. "नाहीतर मान भिजेल. मग सर्दी. आणि बायको मला बोलेल."

"बसलंय," सर्जन म्हणाला. तो तरुण होता, आणि घाबरला की फार हळू बोलायचा. आता तो जवळजवळ कुजबुजत होता.

काचेपलीकडे बुडबुडेबाईंनी कुपी तळहातात धरली आणि हलकेच घोळवली. आतला द्रव दुधाळ झाला. हे काम त्या कुणाला करू देत नसत. जोरात हलवली की बुडबुडे फुटतात, हळू हलवली की वर तरंगून गोळा होतात. नर्सने तो द्रव सिरिंजमध्ये ओढून घेतला आणि आत जाऊन ती सिरिंज मिस्त्रींच्या दंडातल्या सुईला जोडली. गाठीवरचं औषध आधीच शिरेतून सोडलेलं होतं. मग यंत्रातून टिकटिक सुरू झाली. बाहेर तिचा आवाज अगदी क्षुल्लक येत होता. एवढ्या आवाजासाठी अठरा वर्षं, असं कुणालाही वाटलं असतं.

नंतर स्कॅन झाला. सर्जनने एकच चित्र बघितलं, रक्तस्राव दाखवणारं, आणि कपाळावरचा घाम पुसून मान हलवली. रक्त कुठे आलेलं नव्हतं. दुसरं चित्र बघायला मात्र त्याला बंदी होती. शिरेतून कॉन्ट्रास्टचं, म्हणजे चित्रात उठून दिसणाऱ्या द्रवाचं, इंजेक्शन दिलं की शाबूत भिंतीच्या आत ते कोंडून राहतं, आणि भिंत उघडलेली असेल तिथे बाहेर झिरपून पांढरं दिसतं. ते पांढरं दिसतंय की नाही, यावर सगळा खेळ होता. ते चित्र आपल्यापैकी कुणीही आधी बघायचं नाही, असा बुडबुडेबाईंचा नियम होता.

"एकदा बघू द्या ना," सर्जन कुजबुजला.

"नाही. आपला तो बाब्या. तुला दिसेल, मला दिसेल. नसलं तरी दिसेल."

चित्र बघणार होते दुर्बीणसाहेब. हे इस्पितळातले सगळ्यात जुने रेडिओलॉजिस्ट. त्यांनी नाही म्हटलं की नाही, आणि आहे म्हटलं की काळ्या दगडावरची रेघ. मिस्त्रींची गाठ पहिल्यांदा त्यांनीच पकडली होती. त्यांना फक्त एवढंच कळवलं होतं की कालचं आणि आजचं चित्र शेजारी ठेवून काय फरक दिसतो तो सांगा. मधल्या वेळात काय केलं याचा ताकास तूर लागू दिलेला नव्हता.

*

बाहेरच्या बाकावर मिस्त्रींची बायको पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. बुडबुडेबाईंनी यंत्रातून कॉफीचे दोन कप आणले आणि तिच्या शेजारी टेकल्या. कॉफी गोड होती आणि बेचव होती. दोघींनी ती निमूट प्यायली.

"तुम्ही घरी कुणाला सांगून आलात?" बायकोने विचारलं.

"आईला सांगितलंय, आज काम आहे एवढंच. जास्त सांगितलं की ती दर तासाला फोन करते."

"माझंही तसंच. सगळ्यांना सांगितलं, तपासणीला चाललोय." तिने कप चुरगळला. "आता मला पण थोडं कळायला लागलंय बघा तुमच्या यातलं. पहिल्या फोटोत लिंबाएवढं पांढरं होतं. ऑपरेशन झालं, तेव्हा काळं झालं. मग कडेने परत पांढरं आलं. पांढरं म्हणजे वाईट. बाकी काय लिहितात ते मी बघत नाही. फोटो उजेडाला धरते आणि पांढरं शोधते."

बुडबुडेबाईंचा कप तोंडाशी थांबला. त्यांनी या बाईला सगळं समजावलं होतं. भिंत सांगितली होती, दार सांगितलं होतं, बुडबुडे, टोप, पाणी, धोके, सगळं दोन-दोनदा सांगितलं होतं. रंग सांगायचा राहिला होता. त्यांच्या प्रयोगशाळेत पांढरं दिसलं की पोरं टेबलं बडवायची. पांढरं म्हणजे चांगलं, हे सांगावं लागतं असं त्यांना अठरा वर्षांत कधी वाटलंच नव्हतं.

"ताई," त्या घाईने म्हणाल्या, "आजच्या फोटोत..."

पण तेवढ्यात पलीकडच्या जिन्यावरून दुर्बीणसाहेब खाली उतरले.

वाईट बातमी फोनवर द्यायची नाही, ही त्यांची जुनी रीत होती. कागदावर लिहून पाठवायची नाही, कनिष्ठ डॉक्टरकडून सांगवायची नाही. आपल्या पायाने जायचं, समोर उभं राहायचं आणि सांगायचं. गुडघे दुखत असले तरी ते उतरून येत. बुडबुडेबाईंनी आपल्या योजनेत सगळ्याचा विचार केला होता. म्हातारा चालत येईल, याचा केला नव्हता.

चष्मा कपाळावर, एक हात कठड्यावर. ते सरळ मिस्त्रींच्या बायकोसमोर येऊन थांबले. बुडबुडेबाईंकडे त्यांनी बघितलंही नाही.

"बसा ताई," ते म्हणाले.

"बसलेलीच आहे साहेब."

"हो. बसलेल्याच आहात." त्यांनी चष्मा कपाळावरून काढला, पुसला, हातातच धरला. "तुम्हाला मी आजवर कधी खोटं सांगितलेलं नाही. आजच्या फोटोत नवीन जागी पांढरं दिसतंय. जुन्याच्या पुढे. काल तिथे काही नव्हतं, मी तीनदा बघितलं. मला वाईट वाटतं."

तिने पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली.  

"कुठे?" बुडबुडेबाईंनी विचारलं. त्या कधी उठून उभ्या राहिल्या ते त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं.

दुर्बीणसाहेबांनी त्यांच्याकडे नापसंतीने पाहिलं. "डावीकडे. कानाच्या वर आणि जरा पुढे."

"केवढं?"

"बोटाच्या पेराएवढं."

"कडा कशा आहेत? वेड्यावाकड्या?"

"नाही," म्हातारा म्हणाला, आणि इथे पहिल्यांदा त्याच्या आवाजात एक नवल उतरलं. "तेच मला कळत नाहीये. कडा अगदी साफ आहेत. कुणी आखून काढावं तसं लांबट. अशी गाठ मी आजवर पाहिलेली नाही. आणि एका रात्रीत..."

बुडबुडेबाई हसल्या.

आधी बारीक, मग मोठ्याने, आणि मग त्यांना थांबताच येईना. इस्पितळाच्या त्या पिवळट बोळात, दोन्ही हात तोंडावर दाबून, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि बाई हसताहेत. पलीकडच्या काउंटरवरची नर्स उभी राहिली. जाणारा-येणारा थबकला.

"हसताय?" मिस्त्रींची बायको उठली. तिचा आवाज फाटला होता. "माझा माणूस आत पडलाय आणि तुम्ही हसताय? तुमच्या त्या बुडबुड्यांनी..."

"नाही ताई, नाही." बुडबुडेबाईंनी तिचे दोन्ही दंड धरले. "ती गाठ नाहीये. ते मी केलंय. आम्ही केलंय. दार उघडलं. तेवढंच, तिथेच, जेवढं आखलं होतं तेवढंच. त्या दारातून औषध आत गेलंय. दार उघडल्याशिवाय तिथे पांढरं दिसतच नाही. आजच्या दिवस पांढरं म्हणजे चांगलं. मी सांगायला पाहिजे होतं तुम्हाला. मला माफ करा. मी सांगायलाच पाहिजे होतं."

बायको बुडबुडेबाईंकडे बघत राहिली. हे खरं मानावं की नाही ते तिला कळत नव्हतं. तिने दुर्बीणसाहेबांकडे पाहिलं, कारण आजवर तिला कधी खोटं न सांगितलेला माणूस तोच होता.

दुर्बीणसाहेबांना समजायला वेळ लागला. मग एकदम सगळं समजलं. चेहरा लाल झाला.

"म्हणजे मला मुद्दाम अंधारात ठेवलंत."

"हो," बुडबुडेबाई म्हणाल्या.

"आणि मी या बाईला येऊन..."

"हो. ती माझी चूक. तुमची नाही."

ते चष्म्याच्या काडीची उघडझाप करत राहिले. रागावणं त्यांच्या हक्काचं होतं आणि ते रागावलेही होते, पण त्यांचं लक्ष रागात टिकत नव्हतं. मान पुन्हा पुन्हा जिन्याकडे वळत होती.

"कडा फारच साफ आहेत हो," शेवटी ते म्हणाले. "चला. ताई, तुम्ही पण चला. स्वतः बघा."

वरच्या अंधाऱ्या खोलीत त्यांनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं. डावीकडे कालचं चित्र होतं, उजवीकडे आजचं. जुन्या, फाटक्या कडेच्या पांढऱ्याच्या पुढे, आतापर्यंत नितळ करड्या असलेल्या जागी, एक लहानसा लांबट उजेड होता. मिस्त्रींच्या बायकोने पडद्यावर बोट ठेवलं. खरंच पेराएवढं होतं.

"इथून आत गेलं?"

"इथून."

"बाई गं," ती म्हणाली आणि तिथेच, दुर्बीणसाहेबांच्या खुर्चीत, पदराने तोंड झाकून रडली. 

म्हातारा भिंतीला टेकून उभा होता. "मी इतकी वर्षं लोकांना पांढरं दाखवत आलो," तो बुडबुडेबाईंना हळूच म्हणाला. "ते बघून कुणी हसलेलं मला आठवत नाही."

बुडबुडेबाई जिन्यात गेल्या. खालून सर्जनची धावत येणारी पावलं ऐकू येत होती. कुणीतरी त्याला सांगितलेलं दिसत होतं, कारण तो आज पहिल्यांदाच ओरडत होता. तो पोचायच्या आत त्यांनी आईला फोन लावला.

"आई, पोचलं."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "औषध?"

"औषध."

आईने मागे चालू असलेला रेडिओ बंद केला.

"कुणाला पोचलं?" तिने विचारलं.

हा प्रश्न आजवर ना समितीने विचारला होता, ना कुठल्या परिषदेत कुणी. बुडबुडेबाईंनी कठड्याला टेका दिला.

"एका प्लंबरला. बायको फार खमकी आहे त्याची."

"मग होईल बरा," आई म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी कसोटी उलटी होती. कालचं पांढरं आज नको होतं. उघडलेली भिंत आपणहून मिटली नाही, तर औषधामागून नको ते सगळं आत शिरणार होतं. दुर्बीणसाहेबांना आता सगळं माहीत असल्याने नियमाप्रमाणे ते बाद. चित्र दुसऱ्या इस्पितळातल्या, यातलं काही ठाऊक नसलेल्या एका डॉक्टरकडे पाठवलं. बाद झालेले दुर्बीणसाहेब मात्र सकाळपासून मिस्त्रींच्या वॉर्डातच खुर्ची टाकून बसले होते.

"गळायचं थांबलं का?" मिस्त्रींनी तिसऱ्यांदा विचारलं.

"कळेल," बुडबुडेबाई म्हणाल्या. त्यांनी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता.

"गळायला लावणं सोपं. कुणीही लावतं."

"गप्प बसा हो," बायको म्हणाली. "त्यांचा जीव टांगणीला लागलाय."

"माझा कुठे आहे मग?"

कोपऱ्यातला नळ ठिबकत होता. सर्जन दारात आला. फोन अजून कानाला होता. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. पलीकडचा आवाज कंटाळलेला होता, सकाळपासून पन्नास चित्रं बघितलेल्या माणसाचा असतो तसा. सर्जनने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा पुढे धरला.

"हो, बघितलं मी. जुनं जे आहे ते आहे. नवीन विशेष काही नाही. का हो, काही असायला पाहिजे होतं का?"

"नाही," सर्जन म्हणाला. "काहीच नको होतं."

इतक्या सपक वाक्यावर कुणी टाळ्या वाजवल्याचं त्या वॉर्डने पाहिलं नसेल. पहिली टाळी दुर्बीणसाहेबांची होती. मग वॉर्डबॉय, मग नर्स, मग काय झालंय ते ठाऊक नसलेले शेजारच्या पलंगांवरचे दोघे. सर्जनने बुडबुडेबाईंना चक्क उचललं आणि लगेच घाबरून खाली ठेवलं. उसना कोट कुठेतरी पडला. बुडबुडेबाई आनंदाने नुसत्या थरथरत होत्या आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. मिस्त्री गादीवर उठून बसले, हात कपाळाला लावून सगळ्यांना सलाम केला आणि म्हणाले, "थांबलं म्हणजे काम पक्कं आहे."

*

त्यानंतर मिस्त्री दर महिन्याला येत राहिले. दर वेळी डोकं बायकोच भादरायची, दर वेळी पेराएवढं पांढरं उमटायचं आणि दुसऱ्या दिवशी विरून जायचं. जागा थोडी थोडी सरकवत सर्जनने गाठीच्या सगळ्या कडा गाठल्या. जुनं फाटकं पांढरं आधी वाढायचं थांबलं, मग आकसायला लागलं. समितीने आणखी रुग्णांना परवानगी दिली. परिषदेत बुडबुडेबाईंच्या भाषणाला लोक उभे राहिले, आणि त्या दिवशी त्यांना आपल्या कामाचा मनापासून अभिमान वाटला. आईने मात्र दर रविवारी फक्त प्लंबरचं विचारलं.

"बोलतो का आता नीट?"

"हसतो. जोक करतो. नावं अजून सापडत नाहीत त्याला."

"सापडतील," आई म्हणायची. कशाच्या जोरावर, ते तिचं तिलाच ठाऊक.

त्या दिवशी शेवटची खेप होती. बुडबुडेबाई वॉर्डात शिरल्या तेव्हा पलंग रिकामा होता. मिस्त्रींची बायको बेसिनजवळ उभी होती, पिशवी हातावर. मिस्त्री गुडघ्यांवर बसून बेसिनखाली वाकले होते. खालची चावी त्यांनी बंद केली होती. नुकत्याच भादरलेल्या डोक्यावर एक जळमट चिकटलं होतं.

"यांना सांगा तुम्ही तरी," बायको बुडबुडेबाईंना म्हणाली. "सर्जनसाहेब येतील एवढ्यात. आणि हे बघा कुठे शिरलेत."

"किती दिवस ऐकायचं हे टिपटिप?" बेसिनखालून आवाज आला. "इथल्या लोकांना झोप कशी लागते?"

बुडबुडेबाईंनी खिडकीकडे बघितलं. नर्सनेही दुसरीकडे बघितलं. नळ इतके महिने ठिबकत होता आणि त्याचं कुणी काही केलं नव्हतं, हे खरंच होतं.

बायको कपाळ पुसायला रुमाल शोधत होती. तिचा हात पिशवीत होता. बेसिनखालून मिस्त्रींचा डावा हात मागे आला, तळवा वर, न बघता, जसा तो आयुष्यभर येत आला होता.

"पान्हा," मिस्त्री म्हणाले.

पिशवीतला हात थांबला.

तिने बुडबुडेबाईंकडे पाहिलं. बुडबुडेबाईंनी तिच्याकडे.  जरा मोठ्याने श्वास घेतला तरी काही सांडेल अशा त्या उभ्या होत्या. सकाळचं ऊन फरशीवर होतं आणि बेसिनच्या कडेला एक थेंब लटकलेला होता.

"अगं, दे की," मिस्त्री म्हणाले. बोटं अधीरपणे हलली. "पान्हा दे. एवढा वेळ?"

तिने टॉवेलांखालून तो काढला, पदराने पुसला आणि त्यांच्या तळव्यावर ठेवला.

"सापडत नव्हता," ती म्हणाली.